नववा दगड

शुभा, तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्या घरी लोक येतात, तुझ्या फोटोसमोर बसतात आणि तू किती गोड होतीस ते सांगतात. मी ऐकून घेते. तू गोड नव्हतीस. तू हट्टी होतीस, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचीस, आणि चहा इतका पांचट करायचीस की तुझ्याकडे आले की मी पाणीच मागायचे. हे सगळं मी तुला तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र तोंडावर सांगितली नाही. तू लिहून दिलेल्या एका चिठ्ठीत खोटं आहे. ते तुझं नाही, माझं आहे; पण खाली सही तुझी आहे.

तुझी लेक परवा म्हणाली, "यमुनामावशी, आईच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक काढतोय आम्ही. तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मी काय लिहू. ती म्हणाली, आईशी जसं बोलायच्या तसं लिहा. वर हेही म्हणाली की पहिल्या पानावर तुझी एखादी चिठ्ठी छापायची आहे, आणि तिनं निवडली आहे ती उमरेडच्या वंदनाच्या माळेची, जिचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा माझ्या हातातली वाटी खाली ठेवावी लागली मला. खोटं त्याच चिठ्ठीत आहे.

तर आधी बाकीचं लिहिते, मग ते.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस तेव्हा चपला हातात घेऊन नाली ओलांडलीस. जरीपटक्याच्या बाजारामागे आमच्या वस्तीत मोटार शिरत नाही. मी तेव्हा इतवारीतल्या सराफांची कामं करत होते. सोन्याचे मणी, काळे मणी, पोवळी, जे येईल ते रेशमात ओवून गाठवून द्यायचं. तू पिशवीतून एक डबा काढलास. डब्यात वेडेवाकडे, भोक पाडलेले दगड.

"हे काय बाई, हे तं नदीतले गोटे दिसून राहिले," मी म्हटलं.

"नदीतलेच आहेत. कन्हानच्या काठचे. मीच वेचलेत."

"मंग ओवाले काहून आणले? लेकरायले खेळाले द्या."

तुला राग आला नाही. तू माझ्या ओट्यावर मांडी घालून बसलीस आणि एकेक दगड हातात घेऊन त्याची कुंडली सांगायला लागलीस. हा काठावरचा, हा अमक्या गावच्या विहिरीच्या खोदकामातून निघालेला, शेत ज्या बाईचं आहे तिला विचारून आणलेला. मला वाटलं, बँकेची नोकरी सोडली आणि या बाईचं डोकं फिरलं. पण दगडांच्या मध्ये जेवढी जागा तू सांगितलीस, तेवढीच जागा मीही सोडली असती. म्हणून काम घेतलं.

तुझा कायदा एकच होता. प्रत्येक दागिन्यासोबत चिठ्ठी. दगड कुठून आला, कोणी वेचला, कोणी कापला, कोणी ओवला. ज्या दगडाची ही चार उत्तरं मिळत नाहीत तो दागिन्यात जाणार नाही, मग तो कितीही देखणा असो. एकदा एक लाल खडा आला होता तुझ्याकडे, डाळिंबाच्या दाण्यासारखा. तू महिनाभर त्या विकणाऱ्याला फोन करत होतीस. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, पत्थर पत्थर होता है." तू खडा परत केलास. माझा जीव हळहळला.

"दगडाले काय जात असते, येवढी चौकशी करून राहिली तू?"

"जात नसते, यमुनाबाई. पण कोणाचा तरी हात लागलेला असतो."

अशी उत्तरं तू पटकन द्यायचीस आणि मग आपल्याच उत्तरावर खूश होऊन बसायचीस. मला ते आवडायचं नाही.

तुझी दागिना घडवायची रीत मात्र मला आवडायची. कागदावर चित्र काढायच्या आधी तू समोरच्या बाईला बोलतं करायचीस. कोणासाठी, कशासाठी, कोणत्या दिवशी घालणार. कोणी सांगितलं की बहिणीसाठी आहे, तर बहिणीशी शेवटचं भांडण कशावरून झालं हेही विचारायचीस. काही बायका उठून जायच्या. ज्या बसायच्या त्यांची माळ मग गळ्यात घातली की त्यांचीच वाटायची. धरमपेठेतल्या त्या बाई आठवतात का, ज्यांना शनीसाठी नीलम पाहिजे होता?

"नीलम माझ्याकडे नाही," तू म्हणालीस, "आणि शनीची माझी ओळख नाही."

बाई फणकाऱ्यानं गेल्या. मी म्हटलं, "गेलं नं वं गिऱ्हाईक."

"तुम्ही मानता का ग्रहबिह?"

"मी काहून मानू? आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच सारे ग्रह घराबाहेर काढले. जागाही मोठी झाली घरात."

तू इतकी हसलीस की ताटातले मणी व्हरांड्यात सांडले, आणि मग दुपारभर आपण दोघी गुडघ्यांवर रांगत ते वेचत होतो.

मग तू गुजरातेत जाऊन आलीस. जिथून सगळ्यांना अकीक नावाचा दगड येतो ते गाव पाहायला गेली होतीस. आल्यावर दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सरळ माझ्या घरी. सांगायला लागलीस की तिथे लहान लहान खोल्यांत सुकी चाकं फिरतात, दगड घासला की पिठासारखी पांढरी धूळ उडते, आणि माणसं ती ओढतात. एक माणूस तुझ्याहून वयानं लहान. दोन वाक्यं बोलायला तीनदा थांबला. "यमुनाबाई, तो खोकला कसा होता सांगू तुम्हाला," म्हणालीस आणि हातवारे करून सांगायला लागलीस.

मी तुला तिथेच थांबवलं.

"मले नको सांगू खोकला कसा असते. माह्या घरात अकरा वर्षं होता तो."

तू हात खाली घेतलेस.

"माहा नवरा उमरेडले कोळशाच्या खाणीत होता. आडवं पडून झोपता येत नव्हतं त्याले. तू पाच वर्षांपासून येऊन राहिली इथी. दगडाचं गाव विचारते, दगड कोणं वेचला विचारते. माह्यं गाव विचारलं काय कधी? नवरा काहून मेला, हे विचारलं?"

तू रडली नाहीस, ते बरं केलंस. रडली असतीस तर मी तुला घराबाहेर काढलं असतं. खालच्या आवाजात म्हणालीस, "मी आता तो अकीक घेणार नाही."

"नको घेऊ. त्यानं त्या माणसाचा खोकला बंद होईन काय? तू घेणं बंद केलं तं त्याच्या घरची चूल कशी पेटन?"

मीही फक्त विचारलं होतं. हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तू हात बांधून बसलीस असंही नाही. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मोरेश्वरभाऊ तू शोधून काढलेस, त्यांनी पाण्याची धार सोडून दगड कापायचं यंत्र बसवलं, धूळच उडू नये म्हणून. मग त्यांना घेऊन तू परत गुजरातेत गेलीस आणि त्या माणसाच्या चाकावर पाण्याची नळी लावून आलीस. सहा महिन्यांनी गेलीस तेव्हा नळी काढून कोपऱ्यात ठेवलेली. पाण्यानं काम हळू होतं, म्हणून. परत आल्यावर म्हणालीस, "तुमचंच बरोबर होतं." मी म्हटलं, माझंही काही बरोबर नव्हतं. मग आपण दोघी दोरा गुंडाळायला बसलो.

त्या भांडणानंतर तू दर दोन-चार महिन्यांनी विचारायचीस, "यजमानांबद्दल सांगाल का?" मी दरवेळी नाही म्हणायचे. आता सांगते, थोडंसंच आहे. तो आडवा पडू शकत नव्हता, म्हणून दुपारी माझ्या पाठीला पाठ टेकवून बसल्या बसल्या झोपायचा. मी हलले की जागा व्हायचा. दोन-दोन तास न हलता हातानं काय करता येईल, तर मणी ओवता येतात. दागिने ओवून गाठवणाऱ्या ओळखीच्या एका पटव्याकडून मी काम मागून आणलं. माझं सगळं शिकणं त्या दुपारींमधलं आहे. गाठ बारीक बसते असं तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस. ती बारीक बसते, कारण कोपर हलवायची सोय नव्हती. हे सांगण्यात अवघड काही नव्हतं. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मला राग होता, आणि पुढे राग गेला तरी नाही म्हणायची सवय राहिली.

आता वंदनाचं.

वंदना उमरेडला नर्स आहे. तिची आई जन्मभर गिट्टीच्या खदानीत दगड फोडत होती. काळा दगड फुटला की कधी कधी आतून काही वेगळंच निघतं, पांढरं, चमकणारं. तसं निघालं की ती बाई तो तुकडा पदरात बांधून घरी आणायची. वंदना तुझ्याकडे आली तेव्हा बिस्किटाच्या डब्यात असे नऊ दगड होते.

"माय म्हणे, बाकी सारी गिट्टी ठेकेदाराची, हे नऊ माहे," वंदना म्हणाली. "तिले जाऊन वर्ष होऊन राहिलं. त्या दिवशी मले हे गळ्यात पायजेत, मॅडम. नऊच्या नऊ. एकही सोडू नका."

ती गेल्यावर मी तुला डिवचलं. "आता काय करशीन? हा बी धुळीतलाच दगड आहे. तिथी कोणं बायायच्या तोंडाले फडकं तरी दिलं असन काय?"

तू ते नऊ दगड स्टीलच्या ताटात मांडून ठेवलेस. पंधरा दिवस ताट तसंच होतं. येता-जाता बघायचीस, एखादा इकडचा तिकडे करायचीस. मग एका सकाळी म्हणालीस, "यमुनाबाई, ज्या हातानं हे दगड फोडले त्याच हातानं ते ठेवून घेतले. याहून चोख दगड माझ्याकडे आजवर आलेला नाही."

चित्र काढलंस ते असं. प्रत्येक दगडाची मागची बाजू, जी गळ्याला लागेल, ती गुळगुळीत करायची. पुढची बाजू जशी फुटली तशीच ठेवायची, त्या बाईच्या हातोड्याच्या घावासकट.

"घाव बाहेरून? लोक म्हणतीन, गिट्टीच घालून आली."

"म्हणू देत. तिला तेच पाहिजे असेल."

वंदनाला चित्र दाखवलं तेव्हा तिनं मान हलवली आणि पदरानं चष्मा पुसला. मी त्या दिवशी मनात म्हटलं, या बाईला, म्हणजे तुला, हे काम कळतं. तुला मात्र तसं म्हटलं नाही.

मोरेश्वरभाऊंनी नऊही दगड मागून घासून त्यांना पाण्याखाली भोकं पाडून दिली. दरम्यान तू दवाखान्यात भरती झालीस. माझ्याकडे आठ दगड ओवून झाले. नवव्याचं भोक जरासं बारीक होतं, दोऱ्याचा पदर जाईना. रीतसर काम म्हणजे दगड हिंगण्याला परत पाठवायचा आणि पाण्याखाली भोक मोठं करून आणायचं. वंदनाच्या आईच्या वर्षाचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मी सुईसारखी कानस घेतली, भोकात घातली आणि सुकीच फिरवली. असं मी मोत्यांना, पोवळ्यांना शंभर वेळा केलेलं आहे. हा दगड आतून रेघेवर उघडला. आवाजसुद्धा झाला नाही. हातात दोन तुकडे आणि थोडा चुरा.

तुला फोन करता आला असता. तुझ्या हाताला सलाईन आहे, तुला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून मणी फुटला नव्हता, आणि फुटला हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी तुकडे कागदात बांधले आणि सकाळी आलेल्या कचऱ्याच्या गाडीत टाकले. दुपारी इतवारीत गेले. रंगाला जवळपास तसे, भोक पाडलेले तीन दगड मिळाले. दुकानदार म्हणाला, "आजी, गुजरात का माल है, एकदम फर्स्ट क्लास." मी घेतले.

ते पुढूनही गुळगुळीत होते. घाव नव्हता. मग मी ओट्यावर बसले आणि वरवंट्यानं घाव घातला. पहिल्याचा चुरा झाला. दुसऱ्यावरून वरवंटा घसरला. तिसऱ्याला हवा तसा टवका उडाला. ती बाई जन्मभर जे करत होती त्याची नक्कल मी तिसऱ्या दगडात जमवली, आणि खोटं बोलत नाही, तेव्हा जमलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं.

तू दवाखान्यातून घरी आलीस त्याच दिवशी मी माळ घेऊन आले. पलंगावर टेकून बसलेली होतीस. तू माळ हातात घेतलीस आणि अंगठ्यानं एकेक दगड चाचपत गेलीस. नवव्यावर अंगठा थांबला.

"मोरेश्वरभाऊंनी हा मागून जास्तच चकचकीत केला का?"

"हाव," मी म्हटलं.

एवढंच. मग तू चिठ्ठी लिहिलीस. टेकून बसूनच लिहिलीस म्हणून अक्षर खालीवर झालं. "या माळेतले नऊही दगड वंदनाच्या आईने खदानीत काम करताना स्वतः वेचले. पाण्याखाली कापले मोरेश्वर यांनी. गाठवले यमुनाबाई यांनी." खाली सही. तुझी लेक म्हणते, हे तुझं सगळ्यात सुंदर अक्षर आहे. मला ते बघवत नाही.

तुला कळलं होतं का, यावर मी पुष्कळ विचार केला. दगड हातात घेऊन तो कुठल्या काठचा हे सांगणारी बाई तू. पण कळलं असतं तर तू सही केली नसतीस. मरायला टेकली असतीस तरी केली नसतीस. म्हणजे तुला कळलं नव्हतं. म्हणजे शंका आली होती आणि माझ्या एका "हाव"वर तू ती सोडून दिलीस. लोक मला विचारतात की शुभाताईंची सगळ्यात जास्त आठवण कशानं येते. यानं येते.

मी दोनदा सांगायला आले होते. एकदा तुझ्या नणंदा बसलेल्या होत्या. दुसऱ्यांदा आपण दोघीच होतो, तू जायच्या दोन दिवस आधीची दुपार. तुझ्या पायांना मी तेल लावत होते. तू डोळे मिटून विचारलंस, "यमुनाबाई, काही राहिलंय का?" तू कामाबद्दल विचारत होतीस, कोणाची माळ द्यायची आहे का, असं. मी म्हटलं, "काही नाही राह्यलं. तू पडून राह्य." सांगितलं असतं तर तू त्या पलंगावरून उठून उमरेडची बस पकडली असतीस. हे मी स्वतःला दिलेलं कारण. तू उठू शकत नव्हतीस, हे मला दिसत होतं.

तर परवा तुझ्या लेकीनं ती चिठ्ठी छापायचं सांगितलं, आणि काल मी उमरेडला जाऊन आले. तुझ्या नावावर छापील खोटं राहू द्यायचं नाही, एवढं ठरवून एसटीत बसले.

वंदनाची सुट्टी होती. अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मावशी? एकट्याच आल्या? फोन तं करायचा, मी आली असती स्टँडवर."

"मले रस्ता माहीत आहे उमरेडचा. वंदना, माळ आण. अन् चिठ्ठी बी आण."

तिनं पाणी दिलं, माळ आणि चिठ्ठी आणली, समोर खुर्ची घेऊन बसली. तिला वाटलं, दोरा सैल झाला का बघायला आले. मी एका दमात सांगून टाकलं.

"याच्यात तुह्या मायचे आठ दगड आहेत. हा नववा बाजारातला आहे. तुह्या मायचा माह्या हातून फुटला. शुभाले माहीत नव्हतं."

तिनं नववा दगड उलटून पाहिला. मग म्हणाली, "पण याच्यावर तं घाव आहे."

"तो म्या घातला. वरवंट्यानं."

"तुकडे कुठी आहेत मंग?"

"फेकले."

"फेकले," ती म्हणाली. शेजारी कोणाचा तरी मिक्सर चालू होता. तिनं चिठ्ठी उघडून पुन्हा वाचली.

"मावशी, आता काहून सांगून राहिल्या तुम्ही? शुभा मॅडम गेल्या. कोणालेच कळलं नसतं."

"चिठ्ठीवर सही तिची आहे. तिचं नाव खोट्यात राहू नये."

"अन् माही माय?"

शुभा, मी तुझ्यासाठी गेले होते. अख्ख्या बसच्या वाटेत मला त्या बाईची एकदाही आठवण आली नव्हती. मी तिचा दगड फोडला, तिचे तुकडे कचऱ्यात टाकले, तिच्या हाताची नक्कल केली, आणि माफी घेऊन निघाले होते ती तुझी. तुला मी एकदा जे सुनावलं होतं, ते वंदनानं मला तीन शब्दांत सुनावलं, आणि तिचा आवाज माझ्यासारखा चढलाही नव्हता.

मी म्हटलं, "तुह्यं बरोबर आहे. माह्या ध्यानातच नाही आली ते."

"काढा तो दगड," ती म्हणाली.

पिशवीत कात्री आणि रेशीम होतंच. मी तिच्या अंगणातच दोरा कापला, बाजारचा दगड काढून बाजूला ठेवला आणि आठ दगड नव्यानं ओवायला घेतले. नवव्याच्या जागेपाशी थांबून विचारलं, "जागा बुजवू का? आठाची माळ बी सरळ बसन."

"नका बुजवू. तेवढी जागा रिकामी राहू द्या."

तेवढ्या लांबीत मी गाठीला गाठ लावत गेले. तिनं आतून पेन आणलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. मी "नऊही" खोडलं, वर "आठ" लिहिलं, आणि तुझ्या सहीच्या खाली लिहिलं, "नववा यमुनाबाईच्या हातून फुटला." तुझ्या अक्षराशेजारी माझं अक्षर पोरवयातलं दिसतं. तुझ्या लेकीला मी सांगून ठेवलं आहे, छापायची तर अशीच छाप, नाहीतर दुसरी निवड.

मी निघायला उठले. तिनं मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं माळ गळ्यात घातली नाही, मांडीवर ठेवली होती. मी फाटकापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "मावशी, कसा होता तो?"

"कोणता?"

"मायचा. जो फुटला तो. मी कधी नीट पाह्यलेच नाही वं दगड. डबा उघडला का माय आठवे, लगेच बंद करून टाको. मॅडमले बी तसाच देऊन टाकला."

मी परत येऊन बसले. मोरेश्वरभाऊंनी तो पाण्यात धरला होता, तू ताटात मांडला होतास, पण तासभर बोटांत फिरवला होता मी एकटीनंच.

"कडेनं काळा होता," मी म्हटलं, "गिट्टी असते तसाच. आतून पांढरा, ताकावर निवळी येते नं, तसा. मधात एक निळसर पट्टा, नखायेवढा. उन्हात धरला का त्या पट्ट्यातून बोट दिसे. अन् एका कोपऱ्यावर दोन घाव होते. एक मोठा, खोल. दुसरा बारका, त्याच्या बाजूले, जसा कोणं नुसता टेकवला असन."

"बारका काहून?"

"ते मी काय सांगू. पहिल्या घावात आतलं पांढरं दिसलं असन तिले. मंग दुसरा हळू मारला असन. हे माह्यं म्हणणं आहे. मी पाह्यले ते फक्त दोन घाव."

ती मांडीवरच्या माळेतल्या गाठींवरून बोट फिरवत होती. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी फरशीवर टपकत होतं.

"अजून एकदा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, शुभा. आधी सांगितलं तेवढंच. एकही शब्द वाढवला नाही.